महागड्या हेडफोनांची तुलना : घरगुती श्रवणबैठक कशी भरवावी

दीड-दोन लाख रुपयांचा हेडफोन केवळ परीक्षणे वाचून मागवणे धाडसाचे असते, आणि सोलापुरात राहणाऱ्या ध्वनिरसिकाला अशी उपकरणे निवांत ऐकून निवड करण्याची सोय सहजासहजी मिळत नाही. म्हणून चार-सहा जणांनी आपापले हेडफोन घेऊन एखाद्याच्या घरी जमावे, हाच सर्वांत चांगला मार्ग आहे. मात्र अशा बैठकीला शिस्त नसेल, तर प्रत्येक जण आपल्या आवडीचे गाणे आपल्याला रुचेल तेवढ्या मोठ्या आवाजात ऐकतो, सगळे एकाच वेळी बोलू लागतात आणि ज्याच्यापाशी शब्द अधिक असतात त्याचे मत संध्याकाळपर्यंत सर्वांचे मत होऊन बसते. हे टाळायचे असेल तर दोन पथ्ये कसोशीने पाळावी लागतात : प्रत्येक हेडफोनच्या आवाजाची पातळी आधी समान करणे आणि ऐकल्यावर बोलण्यापूर्वी लिहून काढणे. बाकीची सारी तयारी या दोन गोष्टींना आधार देण्यासाठी असते.

जागा, वेळ आणि यजमानाची तयारी

उच्च श्रेणीतील बहुतेक हेडफोन ओपन-बॅक असतात, म्हणजे त्यांच्या वाट्यांची मागची बाजू उघडी असते. त्यामुळे आतला आवाज बाहेर जातो, तसाच बाहेरचा आवाजही जवळजवळ जसाच्या तसा कानापर्यंत पोहोचतो. छताच्या पंख्याची घरघर चालू असताना तानपुऱ्याचा झंकार किती वेळ टिकतो, हे कोणत्याही हेडफोनवर सांगता येणार नाही. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पंखा बंद करून तीन तास बसणे कोणालाही शक्य नाही, तेव्हा नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हाच बैठकीचा काळ धरावा. त्यातही मकर संक्रांतीच्या सुमारास, श्रीसिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, होम मैदानाच्या आसपासचे घर निवडू नये. पूर्व भागात यंत्रमागांजवळ घर असेल तर कारखान्याचा सुट्टीचा दिवस विचारून घ्यावा, कारण मागांची लयबद्ध खटखट मंद्र स्वरांमध्ये मिसळते आणि काही वेळाने ती ऐकू येत आहे हेसुद्धा आपल्या ध्यानात राहत नाही. साधारणपणे रविवारची सकाळ, सात ते अकरा, ही वेळ सर्वांत शांत असते.

खिडक्या नीट बंद होतात का, हे आदल्या दिवशीच पाहावे. दारावर जाड सोलापुरी चादर टांगल्याने बाहेरचा आवाज फारसा अडत नाही, खोलीतील घुमारा मात्र थोडा कमी होतो. टेबलावर अंथरायला टर्किश टॉवेल उत्तम, कारण धातूच्या वाट्यांना चरे पडत नाहीत आणि केबल सरकताना आवाज होत नाही. वीजपुरवठ्याच्या बाबतीत, भिंतीतील सॉकेटला अर्थिंग व्यवस्थित आहे याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. गाणे बंद असताना हेडफोनमध्ये बारीक गुणगुण ऐकू आली, तर लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवून पाहावा. पुष्कळदा दोष तिथेच असतो. वीज गेलीच, तर साध्या इन्व्हर्टरवर अॅम्प (हेडफोनला शक्ती पुरवणारा अॅम्प्लिफायर) चालवण्याऐवजी बैठक तेवढा वेळ थांबवावी.

एक सूचना निमंत्रण देतानाच स्पष्ट शब्दांत द्यावी : त्या दिवशी कोणीही डोक्याला तेल लावून येऊ नये. वेलोर किंवा मऊ चामड्याच्या इअर पॅडमध्ये तेल शिरले की ते पूर्णपणे निघत नाही, आणि पॅडचा पोत बदलला की हेडफोनचा आवाजही बदलतो. त्याच कारणाने शेंगाचटणी आणि कडक भाकरी ऐकणे संपल्यावर, दुसऱ्या खोलीत. ज्याने आपली लाखाची वस्तू विश्वासाने दुसऱ्याच्या हाती दिली आहे, त्याचा मान राखणे हे बैठकीचे पहिले कर्तव्य आहे.

कोणते हेडफोन मांडावेत

एका सकाळी चार हेडफोन पुरे. त्यापेक्षा अधिक मांडले तर कान थकतात आणि शेवटच्या दोन हेडफोनांवर अन्याय होतो. हे चार निवडताना किमतीपेक्षा रचनेतील वैविध्य पाहावे. डायनॅमिक रचनेत पडद्याला चिकटवलेली तारेची गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात हलते. बायरडायनॅमिकचा १९३७ सालचा डीटी ४८ हा या रचनेचा आद्य हेडफोन मानला जातो, आणि आजचे सेनहायझर एचडी ८०० एस किंवा बेरिलियमचा पडदा असलेला फोकल युटोपिया हे त्याच तत्त्वाचे वंशज आहेत. प्लेनर मॅग्नेटिक रचनेत वाहक रेषा संपूर्ण पातळ पडद्यावर पसरलेल्या असतात आणि पडद्याच्या सर्व भागांवर जवळजवळ सारखे बल लागते. ऑडिझी आणि हायफायमॅन यांचे हेडफोन या वर्गातले. तिसरी रचना इलेक्ट्रोस्टॅटिक, जी जपानच्या स्टॅक्सने १९६० साली हेडफोनच्या रूपात बाजारात आणली. तिच्यातील पडदा अतिशय पातळ असून त्याला उच्च दाबाचा स्थिर विद्युतभार दिलेला असतो. स्टॅक्सच्या आजच्या प्रो श्रेणीत हा दाब ५८० व्होल्ट असतो, म्हणून त्याला वेगळाच अॅम्प लागतो. असा संच कोणी आणलाच, तर धूळ आणि दमट हात यांपासून तो जपावा, त्याचे प्लग मालकानेच जोडावेत आणि चालू केल्यावर काही मिनिटे तो स्थिरावू द्यावा.

या चारांत एक परिचयाचा, तुलनेने स्वस्त हेडफोन ठेवावा, असा माझा आग्रह आहे. १९९७ साली आलेला सेनहायझर एचडी ६०० यासाठी योग्य आहे, कारण त्याचा आवाज अनेक रसिकांना पाठ असतो. मत मांडताना प्रत्येकाला टेकायला एक ठाम जागा मिळते, आणि त्याच्यापेक्षा कित्येक पट महाग असलेला हेडफोन नेमके काय अधिक देतो, हा प्रश्न आपोआप समोर राहतो. हा प्रश्न अवघड वाटला तरी टाळू नये. २०१७ साली संशोधक जेरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा अभ्यास करून असे दाखवले, की किंमत आणि ध्वनीचा वारंवारता-प्रतिसाद (कोणत्या उंचीचा स्वर किती मोठा वाजतो) यांच्यात उल्लेखनीय संबंध आढळत नाही.

हेडफोन मांडताना त्याच्या पॅडची स्थिती लिहून ठेवावी. दोन-तीन वर्षे वापरून चेपलेला पॅड ड्रायव्हरला, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या भागाला, कानाजवळ आणतो आणि वाटी डोक्याला नीट चिकटत नाही. दुसऱ्या कंपनीचे पॅड बसवलेले असतील तर तो जवळजवळ वेगळाच हेडफोन समजावा.

डॅक, अॅम्प आणि मधली साखळी

तुलना हेडफोनांची असेल तर बाकी साखळी एकच राहिली पाहिजे : एकच लॅपटॉप, एकच डॅक (डिजिटल फाइलचे अॅनलॉग विद्युत संकेतात रूपांतर करणारे उपकरण) आणि शक्यतो एकच अॅम्प. ऐकण्याच्या अॅपमधील आवाज समतोल करणारी सोय, इक्वलायझर आणि ऑपरेटिंग सिस्टीममधील ‘ध्वनिसुधारणा’ या सर्व गोष्टी बंद कराव्यात. गाणी फ्लॅक किंवा तत्सम अक्षत स्वरूपात, म्हणजे माहिती न गाळता साठवलेली, घ्यावीत. सीडीच्या दर्जाची म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची फाइल या कामाला पूर्णपणे पुरेशी आहे.

अॅम्पची निवड करताना दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, सर्वांत अवघड हेडफोन तो चालवू शकतो का. हायफायमॅनच्या सुस्वारा या हेडफोनची संवेदनशीलता (ठरावीक शक्तीला तो किती मोठा वाजतो) कंपनीच्या माहितीनुसार ८३ डेसिबल आणि इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा अवरोध) ६० ओहम आहे. ही संवेदनशीलता १ मिलिवॅटला धरली तर त्यावर ११० डेसिबलची क्षणिक शिखरे गाठायला सुमारे अर्धा वॅट, म्हणजे साडेपाच व्होल्टच्या आसपास दाब लागतो. फोनला जोडायच्या लहान डोंगलकडून एवढी अपेक्षा करता येत नाही, आणि तिथे सुस्वारा निस्तेज वाटला तर तो दोष सुस्वाराचा नव्हे. दुसरी गोष्ट अॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स. तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागापेक्षा कमी असावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. ३०० ओहमच्या डायनॅमिक हेडफोनचा इम्पीडन्स ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास बराच वर चढतो, त्यामुळे १२० ओहम आउटपुट असलेल्या अॅम्पवर त्याचा बेस सुमारे एका डेसिबलने फुगतो. प्लेनर हेडफोनचा इम्पीडन्स जवळजवळ सपाट असल्याने त्याच्यावर असा परिणाम होत नाही. म्हणजे एकाच अॅम्पवर एक हेडफोन बदलतो आणि दुसरा तसाच राहतो. हे ठाऊक नसेल तर अॅम्पचा गुण आपण हेडफोनच्या खात्यावर मांडतो.

आवाजाची पातळी समान करणे

हा भाग वेळखाऊ आहे, पण इथे केलेली घाई पुढच्या सगळ्या बैठकीला भोवते. दोन आवाजांत किंचित फरक असेल, तर मोठा असलेला आवाज आपल्याला ‘मोठा’ वाटत नाही; तो अधिक स्पष्ट, अधिक भरदार आणि अधिक जिवंत वाटतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाजाची पातळी बदलली की मंद्र आणि तार स्वर कानाला जाणवण्याचे प्रमाणही बदलते. पातळी वाढली की बेस भरत जातो. म्हणून पातळी समान न करता केलेली तुलना म्हणजे प्रत्येक पारड्यासाठी वेगळी वजने वापरण्यासारखे आहे.

व्हॉल्यूमची खुंटी एकाच आकड्यावर ठेवली की पातळी समान होते, हा समज सर्वप्रथम सोडावा. दोन हेडफोनांच्या माहितीपत्रकात १ मिलिवॅटला ९७ डेसिबल अशी अगदी सारखी संवेदनशीलता छापलेली असली, तरी त्यांपैकी एक ३०० ओहमचा आणि दुसरा २० ओहमचा असेल, तर एकाच व्होल्टेजवर दुसरा सुमारे १२ डेसिबलने मोठा वाजतो. एक मिलिवॅट मिळवायला पहिल्याला अर्ध्या व्होल्टहून थोडा अधिक दाब लागतो, तर दुसऱ्याला साधारण ०.१४ व्होल्ट पुरतो. अॅम्पवर हाय आणि लो असे गेनचे (आवाज किती पट वाढवायचा याचे) बटण असेल, तर ते हेडफोननिहाय ठरवून नोंदवून ठेवावे.

मोजण्यासाठी महागडा कृत्रिम कान लागत नाही. प्लायवूडचा एक सपाट तुकडा घेऊन त्याच्या मध्यभागी भोक पाडावे, त्यात कॉलर माइक असा बसवावा की त्याचे तोंड पृष्ठभागाशी समतल राहील, आणि सभोवतीची फट मेणाने बुजवावी. माइक लॅपटॉपला जोडून आवाज आपोआप वरखाली करणाऱ्या आणि कुरकुर गाळणाऱ्या सर्व सोयी बंद कराव्यात, अन्यथा लॅपटॉप आपला चाचणीचा आवाजच कुरकुर समजून दाबून टाकील. मग ५०० ते २००० हर्ट्झ या पट्ट्यापुरता मर्यादित पिंक नॉइज (चाचणीसाठी वापरला जाणारा सलग खळखळाट) वाजवून हेडफोनची एक वाटी माइकवर मध्यभागी ठेवावी आणि आकडा पाहावा. वाटी उचलून पुन्हा ठेवावी, असे चार-पाच वेळा करून सरासरी घ्यावी. एवढ्या साधनावर आकडा खरोखर किती डेसिबल आहे हे कळत नाही, मात्र दोन हेडफोनांतील फरक विश्वासाने कळतो, आणि आपल्याला तेवढाच हवा आहे. फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणावा आणि प्रत्येक हेडफोनसाठी खुंटीची जागा कागदी चिकटपट्टीवर खूण करून ठेवावी. खुंटीऐवजी अंकांनी दाखवला जाणारा व्हॉल्यूम असेल तर काम अधिक सोपे होते.

मधलाच पट्टा घेण्याचे कारण असे, की बेस वाटी किती घट्ट बसते यावर आणि वरचे स्वर वाटी किती सरकली यावर अवलंबून असतात. मधला भाग त्या मानाने स्थिर राहतो. तरीही सपाट फळी म्हणजे कान नव्हे. कर्णपाळी आणि कर्णनलिका साधारण ३ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज वाढवतात, आणि त्याहून वरच्या स्वरांत प्रत्येकाच्या कानाची घडण वेगळा परिणाम करते. म्हणून मोजणी झाल्यावर एका जाणत्या माणसाने एकट्या गायकाचा आवाज सर्व हेडफोनांवर ऐकून शेवटचा बारीक फेरफार करावा, तो एका डेसिबलच्या आत असावा आणि त्यानंतर त्या खुणांना कोणीही हात लावू नये. दोन अॅम्पची तुलना करायची असेल तर काम पुष्कळ सोपे आहे : एकच हेडफोन जोडून, मंद्र स्वराचा स्थिर टोन वाजवून, मल्टिमीटरने दोन्हीकडे एसी व्होल्टेज समान करावे.

निश्चित केलेली पातळी माफक असावी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगते, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते. म्हणजे ८९ डेसिबलला आठवड्याची मर्यादा पाचच तासांची उरते. ‘थोडे वाढवा, म्हणजे मजा येते’ ही सूचना कितीही प्रेमाने आली तरी ती मान्य करू नये.

काय ऐकावे

परीक्षणांमध्ये वारंवार येणाऱ्या परदेशी ध्वनिमुद्रणांपेक्षा, ज्यांचा खरा आवाज जमलेल्या मंडळींनी प्रत्यक्ष ऐकला आहे अशा वाद्यांवर भर द्यावा. आपल्याकडे हे भाग्य मोठे आहे. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकून उठणारा भरलेला झंकार, वरच्या स्वरांची फार कडक परीक्षा घेते. चांगल्या हेडफोनवर तारेचा छेड वेगळा आणि त्यातून उमलणारी स्वरसंवादांची साखळी वेगळी ऐकू येते, तर ट्रेबल वाढवलेल्या हेडफोनवर तीच जवारी पत्र्यासारखी तडतडते. तानपुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेले मिरज आपल्यापासून फार दूर नाही, आणि मंडळींपैकी कोणाच्या घरी चांगला तानपुरा असेल तर बैठकीच्या सुरुवातीला तो पाच मिनिटे प्रत्यक्ष छेडून सर्वांनी ऐकावा. त्यासारखा दुसरा मापदंड नाही.

तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’ किती टोकदार आणि किती लवकर निवतो, डग्ग्यावरची मींड ओढताना स्वर सलग उतरतो की एका जागी फुगतो, हार्मोनियमच्या भात्याचा श्वास ऐकू येतो का, हे मुद्दे लिहिण्याजोगे आहेत. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात असल्याने टाळ-मृदंगाच्या गजरात उभे राहिलेला नाही असा माणूस बैठकीत क्वचितच सापडेल. अनेक टाळ एकत्र वाजत असताना त्यांचा एकच पांढरा गोंगाट होतो की वेगवेगळे टाळ कळतात, यावरून हेडफोनची उकल करण्याची ताकद फार लवकर उघड होते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवलेले एखादे ध्वनिमुद्रणही ठेवावे. त्यावरून ट्रेबलची परीक्षा होत नाही, पण रोजच्या ऐकण्यात जुने संगीत असलेल्या माणसाला हा हेडफोन सोसवेल की नाही, हे नक्की समजते.

एकंदर पाच तुकडे, प्रत्येकी दीड ते दोन मिनिटांचे, पुरेसे आहेत, आणि सर्वांनी तेच ऐकावेत.

ऐकण्याचा क्रम आणि लिहिणे

एका वेळी एकच माणूस ऐकतो, एक जण उपकरणे हाताळतो, इतरांनी शांत बसावे. ध्वनीच्या बारकाव्यांची स्मृती फार अल्पकाळ टिकते, म्हणून दोन हेडफोन एकामागोमाग एक, मध्ये गप्पा न मारता ऐकावेत. याच्या उलट एक अडचण अशी, की कान नुकत्याच ऐकलेल्या आवाजाला सरावतो. उजळ हेडफोननंतर लगेच घातलेला सौम्य हेडफोन काळवंडलेला वाटतो. त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करणे. जे मत दोन्ही क्रमांत टिकते तेवढेच ग्राह्य धरावे. हेडफोन घातल्यावर चष्म्याच्या काड्या आणि केस यांमुळे पॅडखाली फट पडते का, हे प्रत्येकाने स्वतः तपासावे, कारण त्या फटीतून सर्वांत आधी बेस निसटतो.

लिहिताना ‘छान’, ‘भारी’, ‘संगीतमय’ अशा शब्दांना जागा देऊ नये. कोणत्या तुकड्यात, कोणत्या क्षणी, काय ऐकू आले किंवा आले नाही, असे वाक्य लिहावे : ‘दुसऱ्या तुकड्यात आलापाच्या शेवटी गायकाचा श्वास पहिल्या हेडफोनवर कळला, दुसऱ्यावर कळला नाही.’ अशा वाक्याची दुसऱ्याला ताबडतोब पडताळणी करता येते. वजन, डोक्यावरचा दाब आणि उष्णता यांचीही नोंद हवी. जवळपास सहाशे ग्रॅमचा ऑडिझी एलसीडी-एक्स आणि सुमारे २६० ग्रॅमचा एचडी ६०० यांतील फरक मान अर्ध्या तासात सांगते, आणि आपल्या उन्हाळ्यात बंद पॅडमध्ये कान किती घामेजतील हा प्रश्न सोलापूरकराने तरी दुय्यम मानू नये.

सर्वांचे कागद भरून झाल्यावरच चर्चा सुरू करावी. प्रथम वयाने लहान असलेल्यांनी बोलावे आणि हेडफोनच्या मालकाने सर्वांत शेवटी. मोठ्या माणसाचे मत आधी आले की आपल्याकडे इतरांची मते आदरापोटी वळतात. वयोमानाने वरचे स्वर ऐकू येणे कमी होते हे खरे असले, तरी ज्या काकांनी आयुष्यभर मैफली पुढच्या रांगेत बसून ऐकल्या आहेत, त्यांचे वाद्याच्या खऱ्या नादाविषयीचे मत मला कोणत्याही आलेखाइतकेच मोलाचे वाटते.

नाव झाकून ऐकणे

हेडफोनांची संपूर्ण झाकलेली परीक्षा घरी घेणे जवळजवळ अशक्य आहे, कारण डोळे बांधले तरी वजन आणि पॅडचा स्पर्श हेडफोनचे नाव सांगून जातो. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड म्हणून एकाच हेडफोनवर इक्वलायझरच्या साहाय्याने अनेक हेडफोनांचे प्रतिसाद उभे केले, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यावरची वस्तू बदलतच नसे. आपल्याला तेवढे जमणार नाही. मात्र ज्यांनी कोणताच हेडफोन पूर्वी हाताळलेला नाही त्यांचे डोळे बांधून, दुसऱ्याने हेडफोन घालून ऐकवावे, आणि किमती चर्चा संपेपर्यंत उच्चारू नयेत, एवढे सहज करता येते.

डॅक, अॅम्प, केबल किंवा फाइलचे स्वरूप यांच्या तुलनेत मात्र झाकून ऐकण्याला सबब नाही, कारण डोक्यावरचा हेडफोन तोच राहतो. ‘अ’ आणि ‘ब’ ऐकवून मग ‘क्ष’ यांपैकी कोणता, असे दहा वेळा विचारावे. केवळ अंदाजाने दहापैकी आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे साडेपाच टक्के असते, नऊ किंवा अधिकची सुमारे एक टक्का. म्हणून नऊ बरोबर आल्याशिवाय फरक ऐकू येतो असा दावा लिहून ठेवू नये.

बैठक संपल्यावर

प्रत्येक हेडफोनचे पॅड कोरड्या मऊ फडक्याने पुसून, केबल आणि अॅडॉप्टर मोजून मालकाच्या हाती द्यावेत, ६.३५ मिलिमीटरचे अॅडॉप्टर आणि ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड केबली यांची अदलाबदल सहज होते, म्हणून सुरुवातीलाच त्यांना नावाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या बऱ्या. कागदांची छायाचित्रे सर्वांना पाठवावीत, त्यावर खुंटीच्या खुणा, अॅम्प, पॅडची स्थिती आणि तुकड्यांची यादीही असावी, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात एखादा नवा हेडफोन आला की त्याला याच मापाने तपासता येईल. ज्याला खरेदी करायची आहे त्याने मात्र त्याच दिवशी पैसे भरू नयेत. ओळखीच्या आणि विश्वासाच्या मंडळींत मालकाची परवानगी असेल, तर निवडलेला हेडफोन आठ दिवस घरी नेऊन, स्वतःच्या अॅम्पवर, रोजच्या वेळी आणि रोजच्या संगीतासह ऐकावा. दोन मिनिटांच्या तुकड्यात चमकदार वाटलेला ट्रेबल तासाभराने कानाला टोचतो की नाही, हे बैठकीत कळू शकत नाही.